राहिलेली सहा मिनिटं

अठरा, एकोणीस, वीस, एकवीस...

मी पळत होतो आणि मोजत होतो. चेंडू खापरे तालमीच्या गोलासमोर होता, दहा-बारा हजार माणसं घसा फोडून ओरडत होती, आणि फायनलचा मुख्य पंच, म्हणजे मी, शाळेतल्या पोरासारखा तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होतो. नुकतीच पूर्वेला वीज चमकून गेली होती. बावीसला गडगडलं.

मी शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा लांबलचक फुंकली.

"खेळ बंद! सगळ्यांनी आत! पळा!"

बावीस खेळाडू जागच्या जागी थिजले. मैदानात असा सन्नाटा पसरला की मघाशी कोण ओरडत होतं असा प्रश्न पडावा. तो सन्नाटा तीन सेकंद टिकला. मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

ही गोष्ट कोल्हापूरची, मे महिन्यातली, पंचवीस वर्षांपूर्वीची. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नसून पेठापेठांतली भाऊबंदकी आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. संघ तालमींचे. ज्या गल्लीत जन्मलात ती तुमची तालीम. माणूस घर बदलेल, नोकरी बदलेल, पण तालीम बदलणार नाही. त्या दिवशी फायनल होती खापरे तालीम आणि रेडेकर तालीम यांच्यात. रेडेकरवाले एक-शून्यनं पुढं होते आणि सामना संपायला सहा मिनिटं राहिली होती. चौदा वर्षांनी चषक त्यांच्या दारात यायचा होता. त्यांच्या हलगीवाल्यांनी हलग्या तापवून ठेवल्या होत्या. गुलालाची पोती कठड्यावर येऊन बसली होती.

आणि मी जन्मानं खापरे तालमीचा.

आता कळलं का त्या शिव्यांचं कारण? शाळेत मी खेळाचा मास्तर. पंचगिरी करताना बारा वर्षं मी एकच गोष्ट सांभाळली होती, ती म्हणजे माझं नाव. खापरेच्या सामन्यात उलट जरा जास्तच कडक वागायचो. सख्ख्या चुलत भावाला लाल कार्ड दाखवून वर्षभर चुलत्याच्या घरचं जेवण गमावलं होतं. म्हणून तर दोन्ही तालमींनी मिळून "इंगवले सरच पाहिजेत" असं लिहून दिलं होतं. असा मान आमच्या गावात कुणाला मिळत नाही. तो मी एका शिट्टीत मातीत घालत होतो. त्याच दिवशी पुरा झाला नाही तर सामना शून्यापासून पुन्हा खेळायचा, असा त्या स्पर्धेचा नियमच होता. म्हणजे रेडेकरचा गोल पाण्यात आणि खापरेला नवा जन्म.

रेडेकरचे मॅनेजर नाना साळोखे धोतराचा सोगा हातात धरून थेट मैदानात आले. पन्नाशीचा माणूस, पण चाल पैलवानाची.

"सर, काय लावलंय हे? वीज तिकडं गांधीनगरला चमकाय लागलीय आणि तुम्ही सामना हितं थांबवताय?"

"नाना, चमकल्यापासून तीस मोजायच्या आत गडगडलं तर खेळ थांबवायचा. बावीसला गडगडलंय. पुढची वीज कुठं पडेल ते तिला विचारता येत नाही."

"पाऊस कुठाय पाऊस? थेंब तरी दाखवा!"

"विजेला पाऊस लागत नाही. आत चला."

"सहा मिनिटं, सर! सहा! च्या गार व्हायच्या आत सामना संपतोय!"

"गडगडणं थांबल्यावर तीस मिनिटं जाऊ देत. मग ती सहाच्या सहा मिनिटं खेळवतो. शब्द देतो."

नाना आणखी जवळ आले. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "शेवटी रगात आडवं आलंच म्हणायचं."

ते वाक्य कानफटात बसल्यासारखं लागलं. त्याहून वाईट पुढं होतं. खापरेच्या गर्दीतून माझा थोरला भाऊ दोन्ही हात वर करून नाचत ओरडला, "शाब्बास माझ्या वाघा!" मला वाटलं, वीज पडायचीच असेल तर आत्ता माझ्याच डोक्यावर पडू दे.

पण पंचाला मरायलाही सवड नसते. मैदानाच्या कडेला लोखंडी खांबांवर पत्र्याचा मंडप होता आणि त्यात पाहुणे, चषक, शाली, श्रीफळं असा सगळा सरंजाम. खेळाडू नेमके तिकडंच पळायला लागले. काही जण कोपऱ्यातल्या मोठ्या निलगिरीखाली निघाले. मी माइक हिसकावून घेतला.

"मंडप मोकळा करा! झाडाखाली कुणी थांबू नका! लोखंडी कठड्याला हात लावू नका! गॅलरीखालच्या पक्क्या खोल्यांत आणि बोळात चला, नाहीतर बंद गाडीत बसा! पाहुणे मंडळी, तुम्ही सुद्धा!"

मुख्य पाहुणे चषकाकडं बघत म्हणाले, "मग ह्याचं काय?"

"त्याला काही होत नाही साहेब, तुम्ही चला."

दहा मिनिटांत माणसं सिमेंटच्या गॅलरीखालच्या लांब बोळात आणि खोल्यांत कोंबली गेली, उरलेली रस्त्यापलीकडच्या शाळेत शिरली. तोपर्यंत आणखी तीनदा गडगडलं. प्रत्येक वेळी माझी तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं गडगडलं ते सहा वाजून अठरा मिनिटांनी. मी घड्याळाची काच पुसून पाहिली आणि सहायक पंच पोवारला म्हणालो, "सहा अठ्ठेचाळीस."

"उजेड?" पोवारनं विचारलं.

मैदानाला दिवे नव्हते. सात वाजले की चेंडू दिसायचा बंद व्हायचा. पण पश्चिमेला आभाळ उघडलं होतं, रंकाळ्याच्या बाजूला छान पिवळा उजेड पडला होता. अठ्ठेचाळीसला सुरू केलं तर पंचावन्नला सामना खलास. गणित जमत होतं. मला इतका आनंद झाला की मी पोवारच्या पाठीत गुद्दाच घातला. रेडेकर जिंकू दे, नाहीतर खापरे बरोबरी करू दे, मला काही देणंघेणं नव्हतं. सामना मैदानात संपावा आणि माझं नाव मला परत मिळावं, एवढंच हवं होतं.

रेडेकरवाल्यांनाही ते गणित कळलं. बोळात हलगी सुरू झाली. सिमेंटचा बोगदा, त्यात चार हलग्या! कानाचे पडदे थरथरत होते. मी नेमका त्यांच्या मधोमध उभा. ज्याचं काम ऐकायचं आहे त्या माणसानं हलगीजवळ उभं राहू नये, एवढी साधी अक्कल मला त्या दिवशी नव्हती. पोवारला तरी मागच्या दारात उभं करायचं. तेही सुचलं नाही. मी घड्याळावर डोळे लावून बसलो होतो, जणू गडगडाट काट्यांवर दिसणार होता.

सहा चाळीस. खेळाडू बूट आवळायला लागले. खापरेची पोरं गप्प झाली, रेडेकरची पोरं भिंतीला पाय लावून ताण द्यायला लागली. सहा त्रेचाळीस. हलगीवाले दमून जरा मंदावले होते. बोळाच्या मागच्या दारात नाना उभे होते, बाहेर आभाळाकडं बघत. त्यांच्या शेजारी त्यांचा कॅप्टन दिलावर मुजावर. तेवढ्यात नाना गर्रकन आत वळले आणि हलगीवाल्यांवर खेकसले.

"झोपलाय का रे? हात मोडलं काय? वाजवा की जोरात! चौदा वर्षांनी चषक येतोय, वाजवा!"

पुन्हा दणका सुरू झाला. पोरं नाचायला लागली. मलाही, खरं सांगतो, पाय हलवावासा वाटला.

त्या नाचणाऱ्या पोरांतून वाट काढत दिलावर माझ्याकडं आला. या माणसाबद्दल सांगायला हवं. तेहतीस वर्षांचा, उंच, डाव्या गुडघ्याला कायम पट्टी. रेडेकरकडून तेरा वर्षं खेळला होता आणि चषकाला कधी हात लागला नव्हता. गुडघा गेला होता, हा त्याचा शेवटचा हंगाम हे सगळ्या गावाला माहीत होतं. आजचा गोलही त्यानंच डोक्यानं मारला होता. एरवी नोकरी वायरमनची, दिवसभर विजेच्या खांबांवर.

त्यानं माझा दंड धरला आणि मला कपडे बदलायच्या खोलीत ओढलं. दार लावलं.

"सर, गडगडलं."

"काय?"

"आत्ता. दोन मिनिटं झाली. बारीक हुतं, पर गडगडलं. पूर्वेला."

मी पोवारकडं पाहिलं. तोही पाठोपाठ आत आला होता. त्यानं मान हलवली. त्यानं ऐकलं नव्हतं. मी ऐकलं नव्हतं.

"दिलावर, हलगी असेल."

"सर, मी हलगीवरच वाढलोय. हलगी कुठली आणि आभाळ कुठलं, मला कळतंय."

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस? ही तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. सव्वासात. अंधार. सामना रद्द. तुझा गोल रद्द!"

"मला गणित येतंय, सर."

"मग कशाला सांगितलंस? मी तर ऐकलंच नव्हतं! दोन मिनिटांत शिट्टी मारणार होतो!"

मी जवळजवळ ओरडलोच. मला त्याचा राग आला होता, लाज वाटते पण राग आला होता. माझं नाव मला परत मिळायला दोन मिनिटं राहिली होती आणि हा शहाणा येऊन ती मिनिटं माझ्या हातातून काढून घेत होता.

दिलावर बाकावर बसला. गुडघ्याची पट्टी सोडायला लागला. मला ते बघूनच कळलं की त्याच्यापुरता सामना संपला होता.

"सर, मी खांबावर चढतो तवा खालच्या माणसाला एकच इचारतो. लाइन बंद हाय काय? त्यो व्हय म्हणला की मी तारेला हात घालतो. त्यो कोण हाय, माझा दोस्त हाय का दुश्मन, मी बघत न्हाई. आमच्यात भांडणं हुत्यात, मारामाऱ्या हुत्यात, पर लाइन बंद हाय का ह्याला आजवर कुणी खोटं उत्तर दिल्यालं न्हाई." त्यानं पट्टीची गुंडाळी केली. "तुम्ही आता शिट्टी मारून समद्यास्नी बाहेर काढणार. म्हंजे लाइन बंद हाय म्हणून सांगणार. आणि ती चालू हाय, हे मला ठाऊक हाय."

बाहेर हलगी कडाडत होती. स्वतःच्या ताटातला घास स्वतःच्या हातानं काढून ठेवणारा माणूस खोटं कशाला बोलेल? मी घड्याळ पाहिलं. सहा सत्तेचाळीस.

"पोवार, गडगडाट सहा चव्वेचाळीस असं लिही."

पोवारनं लिहिलं. दिलावर उठला, दाराशी गेला आणि परत वळला.

"एक मागणं हाय. माझं नाव कागदात नको. बाहेरबी नको. मला त्याच गल्लीत ऱ्हायचंय, सर. आईबी तिथंच हाय. कप घालवल्यालं एकवेळ चालंल, आपल्या माणसानं घालवला म्हणल्यावर..."

"नाही येणार तुझं नाव," मी म्हणालो. "मी ऐकलं म्हणून सांगतो."

बारा वर्षांत मी अहवालात एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी लिहिलं. 'सहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी मुख्य पंचांनी स्वतः गडगडाट ऐकला.' खाली सही केली.

मी बाहेर येऊन जाहीर केलं तेव्हा काय झालं ते फार सांगत नाही. पहिली चप्पल डाव्या खांद्यावर लागली, दुसरी कुठून आली ते कळलं नाही. पोलिसांनी मला गाडीत घालून घरी सोडलं. एवढं होऊन वीज काही मैदानावर पडली नाही. निलगिरीवर पडली नाही, मंडपावर पडली नाही. चार थेंब आले, सात-साडेसातला दूर कुठंतरी दोनदा चमकलं, आणि वळीव निघून गेला. एखादी वीज निदान गोलपोस्टवर तरी पडली असती तर मी देव झालो असतो. ती पडली नाही, म्हणून चोर ठरलो.

पुढच्या गुरुवारी सामना पुन्हा झाला. पंच दुसरे होते. खापरे दोन-एकनं जिंकलं. दिलावर गुडघ्याला दोन पट्ट्या बांधून नव्वद मिनिटं पळला, शेवटी मैदानातच बसला. आमच्या तालमीनं मला शाल द्यायचं ठरवलं तेव्हा भावाशी कडाक्याचं भांडण झालं. आणि रेडेकरवाल्यांनी मला नाव दिलं, 'गडगडे सर'. मी कुठल्याही मैदानात पाय ठेवला की पोरं तोंडानं आभाळाचा आवाज काढायची, पत्रे बडवायची. दोन हंगाम सोसलं, मग शिट्टी खिळ्याला अडकवली. एकदा बायकोनं विचारलं, "खरं सांगा, तुम्ही ऐकलं होतं ना?" मी म्हणालो, "हो तर." तिलाही खोटं.

नाना साळोखे तर पंचवीस वर्षं माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यात समोर आले की पलीकडच्या कडेला जाऊन थुंकायचे. मी मनात म्हणायचो, थुंका नाना, तुमचा हक्क आहे. तुमचा चषक माझ्या शिट्टीनं गेला.

गेल्या महिन्यात दिलावर नोकरीतून निवृत्त झाला. रेडेकर तालमीनं सत्कार ठेवला. तो स्वतः मला बोलवायला आला, केस पांढरे, चाल लंगडी.

"मी तुमच्या तालमीत? मारतील की रे मला."

"मी हाय की, सर."

"मग तिथं खरं बोलू का? आता तरी?"

तो हसला. "बोला की. आता मला टीममधनं कोण काढतंय?"

तालमीचा चौक भरला होता. मी आत गेलो तेव्हा मागून एकानं सवयीनं 'गडगड' केलंच. पुढच्या रांगेत पंच्याहत्तरीचे नाना फेटा बांधून काठीवर हनुवटी टेकून बसले होते. हलगीवाले कोपऱ्यात तयार. माझी पाळी आली आणि मी माइक धरला.

"मी पंच म्हणून एकच खोटं लिहिलं," मी म्हणालो. "मी त्या दिवशी गडगडाट ऐकला नव्हता."

चौकात खळबळ उडाली. कुणीतरी उभं राहून ओरडलं, "बघा! आम्ही म्हणत न्हवतो?" मी हात वर केला आणि सगळं सांगितलं. खोली, पट्टी, खांब, तार, लाइन बंद आहे का. दिलावर खाली मान घालून बसला होता. सांगून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक तरणा आवाज आला, "कशावरनं? दुसऱ्या कुणी ऐकल्यालं हाय काय?"

पोवारनंही ऐकलं नव्हतं.

नाना साळोखे काठी टेकून उठले. मला वाटलं, आता ही काठी माझ्या पाठीत बसणार.

"मी ऐकलं हुतं," नाना म्हणाले.

दिलावरनं मान वर केली.

"त्याच्या शेजारीच उभा हुतो की दारात. त्यानं ऐकलं, मीबी ऐकलं. त्यो सरांकडं गेला." नानांनी कोपऱ्यातल्या हलगीवाल्यांकडं काठी केली. "आणि मी ह्यांच्या बापांस्नी म्हणलं, जोरात वाजवा."

ते माझ्याकडं वळले. डोळ्यांत पाणी होतं पण आवाज तसाच, पैलवानी.

"पंचवीस वर्सं तुमच्या नावानं थुंकलो, सर. तुमच्या तोंडाकडं बघवत न्हवतं म्हणून."

मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि दिलावरच्या डोक्यावर ठेवला. तो मोठा होता, त्याच्या भुवयांपर्यंत आला. दिलावर लहान पोरासारखा रडत होता आणि मला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून मीही रडलो. नानांनी माझा हात धरून मला त्याच्याशेजारी उभं केलं आणि हलगीवाल्यांकडं पाहिलं.

"आता वाजवा," ते म्हणाले.

हलग्या कडाडल्या. शेजारचा दिलावर काहीतरी म्हणाला, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली.